दांडीवरचा हात

गिअरबॉक्स उघडला की माणूस कळतो, असं मी म्हणतो आणि लोक हसतात. हसू द्या. बावीस वर्षं मी नांदेडात फक्त गिअरबॉक्स खोलतोय. इंजिनाला हात लावत नाही, आणि उगाच गप्पा मारायला आलेल्याला स्टूल देत नाही. तापट म्हणून माझं नाव आहे, ते मी कमावलेलं आहे. कोण क्लचवर पाय ठेवून फोनवर बोलतो, कोण उतारावर न्यूट्रल मारतो, कोण घरचा राग रिव्हर्सवर काढतो, हे मी दात बघून सांगतो. ज्योत्स्नाचा गिअरबॉक्स मी उघडला तेव्हा त्यानेही सगळं सांगितलं होतं. मलाच ऐकू आलं नाही.

ज्योत्स्ना रेल्वेच्या विभागीय कार्यालयात क्लार्क आहे. वय सव्वीस. तिच्याकडे एक जुनी एस्टीम आहे, तिच्यापेक्षा फार लहान नसेल, आणि त्यात बलेनोचं इंजिन बसवलेलं. ही गाडी घेऊन ती ड्रॅग रेसला उतरते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: सरळ रस्ता, चारशे दोन मीटर, उभ्या गाडीपासून सुरुवात. वळण नाही, खड्डा नाही, म्हैस आडवी येत नाही. ड्रायव्हरने करायचं काय, तर वेळेवर गिअर टाकायचे. बाकी सगळं गाडी करते.

जानेवारीच्या शेवटी ती दुकानात आली आणि तिने आपलं काम सांगितलं. लातूरच्या अलीकडे एका साखर कारखान्याची स्वतःची धावपट्टी आहे. तिथे तीन आठवड्यांनी स्पर्धा होती आणि कोइम्बतूरच्या एका टीमचा माणूस बघायला येणार होता. त्यांना एक ड्रायव्हर हवा होता. फोनवर तो हिला म्हणाला होता, याच गाडीत सोळा सेकंदांच्या आत आलीस तर जागा तुझी, नाहीतर आम्ही दुसरा बघतो. तिचा आजवरचा सगळ्यात चांगला वेळ होता सोळा पूर्णांक सात.

"उस्ताद, पाऊण सेकंद पाहिजे," ती म्हणाली. "मला आयुष्यभर फायली बांधायच्या नाहीत."

बोलणं सरळ होतं, म्हणून मी स्टूल दिलं.

तिला हवा होता डॉग बॉक्स. साध्या गिअरबॉक्समध्ये गिअर पडताना वेग जुळवून घेणारी पितळी कडी असते. डॉग बॉक्समध्ये ती नसते. गिअर धाडकन पडतो, लवकर पडतो, आणि चुकला तर दाताचे तुकडे ऑइलबरोबर बाहेर येतात.

"ज्याला अजून चालायचं हाय त्यानं पळायचे बूट घेऊ नयेत," मी म्हणालो.

"मला चालवता येतं."

"मंग तुला साधाच बस्स झाला."

माझ्या बाकावर दोन साधे बॉक्स होते. एक आखूड, एक लांब. आखूड बॉक्सची गाडी सुटताना टुणकन उडी मारते, पण प्रत्येक गिअरचा दम लवकर संपतो आणि शेवटच्या रेघेच्या आधी चौथा टाकावाच लागतो. लांब बॉक्सची गाडी सुटताना जरा जड, पण तिसऱ्यातच रेघ ओलांडते. गिअर बदलताना चाकाला ताकद मिळत नाही, तेवढा वेळ फुकट जातो. मग जितकं कमी बदलाल तितकं बरं. तरी सगळी पोरं आखूड घेतात, कारण उडी लोकांना दिसते. मी लांब निवडला. दोनदा दांडी हलवायची, पहिल्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, आणि विषय संपला. ज्योत्स्नाने वहीवर आकडे मांडून पाहिले आणि मान हलवली. आकडे कळणारं गिऱ्हाईक मला वर्षातून एखादंच मिळतं.

दांडीच्या बाबतीत मात्र तिचं ऐकलं. गाडीची मूळ दांडी लांब असते आणि तिच्याखाली रबराचे बुश असतात. रबर दबतं, त्यामुळे हाताने ढकललेलं गिअरपर्यंत पोचायला किंचित वेळ लागतो. रेसवाले रबर काढून लोखंडी बुश घालतात, दांडी वीतभर करतात. मग हात हलला की गिअर पडलाच. तिलाही तेच हवं होतं आणि मलाही तेच बरोबर वाटलं. पुस्तकात असतं ते सगळं मी केलं.

तिचा जुना बॉक्स खोलताना एक गोष्ट दिसली होती. तिसऱ्या-चौथ्या गिअरला ढकलणारा जो दोन बोटांचा फोर्क असतो, तो एका अंगाने चाटून गेल्यासारखा झिजला होता. दुसरं अंग कोरं. मी म्हणालो, माल हलका निघाला, आणि तो भंगाराच्या ट्रेमध्ये टाकला.

सरावासाठी जागा आदिनाथने दिली. हा माझ्या रेणापूरचा, प्लॉटिंगच्या धंद्यातला. लातूर रोडला त्याने शेत घेऊन एनए केलंय. डांबरी रस्ते झाले, विजेचे खांब झाले, कमान झाली, आणि घर एकही नाही. मधला रस्ता सहाशे मीटर सरळ. आदिनाथ म्हणाला, गाड्या पळताना बघून तरी कुणी प्लॉट घेईल.

रविवारी सकाळी ज्योत्स्नाने गाडी काढली. मी रेघेजवळ उभा. गाडी सुटली, आणि इंजिन जेमतेम रंगात येतंय तोवर दुसरा गिअर. पुन्हा रंगात येतंय तोवर तिसरा. माझ्यासमोरून गेली तेव्हा ती चौथ्यात होती. ज्या बॉक्समध्ये चौथा लागणारच नाही म्हणून मी तो निवडला, त्यात बाईंनी चौथा टाकला. वेळ आली सतरा पूर्णांक एक. नवा बॉक्स, नवी दांडी, आणि गाडी आधीपेक्षा मंद.

गाडीत तिच्यासमोर लाल दिवा बसवलेला होता. इंजिन पूर्ण ताकदीला आलं की तो लागतो, तेव्हा गिअर टाकायचा.

"दिवा बघायलीस का न्हाई?"

"दिवा बघूनच टाकते."

मी मागच्या सीटवर बसून फोनवर तिच्या हाताचा व्हिडिओ काढला आणि तिला दाखवला. दिवा लागायच्या कितीतरी आधी हात निघून गेला होता. तिने तो चारदा पाहिला. तिला खरंच माहीत नव्हतं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण तोंड माझंच. "भ्यायलीस तू," मी म्हणालो. "इंजिन वरडलं की तुला भीती वाटायली. त्याला माझ्याकडं बुश न्हाई."

ती गाडीत बसली, आदिनाथच्या कमानीतून अगदी सावकाश बाहेर पडली आणि दोन दिवस फोन उचलला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले. लिंबाजीकाका. हदगाव डेपोत एसटीचे ड्रायव्हर, एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त. पांढरा शर्ट, खिशाला पेन. जय भीम केला आणि मी स्टूल देण्याआधीच बाकाच्या कडेला टेकले.

"पोरगी नीट जेवून न्हाई राहिली," ते म्हणाले. "तुम्ही तिला भित्री म्हणालाव म्हणं."

"म्हणालो काका. राग आला म्हणून म्हणालो."

"ती भित न्हाई. बाकी काय बी असंल, ती भित न्हाई." त्यात तक्रार नव्हती. माहिती द्यावी तसं त्यांनी सांगितलं.

मी चहा सांगितला. ते हदगावचं, डेपोचं काहीबाही बोलत राहिले. डिझेल वाचवण्यात ते सलग सहा वर्षं डेपोत पहिले होते. सत्कार झाला होता. ती ढाल घरी बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलेली आहे, हे त्यांनी चहा यायच्या आत दोनदा सांगितलं. बोलता बोलता त्यांचा हात भंगाराच्या ट्रेकडे गेला. रिकाम्या हाताला चाळा लागतो, तसा. तो झिजलेला फोर्क त्यांनी उचलला, अंगठ्याने त्याची चाटलेली बाजू चाचपली आणि बोलायचे थांबले.

"ह्यो कुणाच्या गाडीचा?"

"ज्योत्स्नाच्या. माल हलका हाय."

"माल हलका न्हाई," ते म्हणाले. "ह्यो माझा हात हाय."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या बसचा फोर्क दर दोन-तीन वर्षांनी असाच, याच अंगाने झिजायचा. डेपोतला मेकॅनिक मृत्युंजय त्यांच्या नावाने शंख करायचा, लिंबाजी, दांडीवरचा हात काढ. कारण तळहात दांडीवर ठेवून गाडी चालवली की त्याचं वजन आत फोर्कवर पडतं आणि तो कायम घासत राहतो. लिंबाजीकाकांनी हात कधीच काढला नाही. काढला असता तर ढाल मिळाली नसती.

"इंजिन हाताला बोलतं उस्ताद. कानाला उशिरा ऐकू येतं, हाताला आधी. जरा कुरकुर लागली की वरचा गिअर टाकून द्यायचा. इंजिनाला वरडू द्यायचं न्हाई. वरडलं की डिझेल गेलं."

उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्योत्स्ना त्यांच्या बसमध्ये असायची. जुन्या बसमध्ये ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिनचं मोठं झाकण असायचं, त्यावर गोधडीची घडी टाकून ती बसायची. सहा-सात वर्षांची. तिचा हात दांडीवर आणि त्यावर यांचा हात. हदगाव ते नांदेड, नांदेड ते हदगाव. "टाक म्हणलं की टाकायची. पुढं पुढं तर मी म्हणायच्या आधीच टाकायची. मला लई कौतुक वाटायचं."

त्यांनी फोर्क रुमालाने पुसला आणि बाकावर ठेवला. "म्हणजी मीच तिला मागं वढून राहिलो," ते म्हणाले.

मला लाज वाटली. फोर्क माझ्या हातात आला होता. गिअरबॉक्स उघडला की माणूस कळतो म्हणणारा मी, तो ट्रेमध्ये टाकून मोकळा झालो होतो आणि वर पोरीला भित्री ठरवलं होतं. शिवाय दुसरीही गोष्ट आता उघड झाली. रबर असताना इंजिनची थरथर थोडी तरी दबून तिच्या हातात जायची. मी लोखंड घातलं आणि ती थरथर थेट तळहातावर नेऊन पोचवली. हात जास्त चांगलं ऐकू लागला, म्हणून गिअर आणखी लवकर पडू लागले. पाऊण सेकंद मिळवून द्यायच्या ऐवजी मी जवळजवळ अर्धा घालवला होता.

त्याच दुपारी लोखंडी बुश काढले. नुसतं जुनं रबर परत घातलं नाही, त्याहून मऊ घातलं. वीतभर दांडी काढून मूळची लांब दांडी बसवली, तिला सायकलची ट्यूब तीन पदरी गुंडाळली आणि वर रबराचाच गोळा. कुठल्याही रेसवाल्याने बघितलं असतं तर मला दुकान बंद करायला सांगितलं असतं. पण थरथर मेली. चालू गाडीत दांडीला हात लावला तर खुर्चीच्या पायाला हात लावल्यासारखं वाटे.

ज्योत्स्नाला फोन केला. माफी मागायची मला सवय नाही, म्हणून आधी रबराचं सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "मी चुकलो." ती म्हणाली, "कळलं, पप्पांनी सांगितलं." आणि पुढे, "पप्पा येतो म्हणतेत सरावाला."

आता हाताला ऐकू येत नव्हतं. पण सवय नुसती हातात नसते. पहिल्या दोन फेऱ्यांत तिने अंदाजानेच लवकर टाकले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, मी मनात म्हणालो. मोठ्याने म्हणालो नाही, तेवढं शिकलो होतो.

तेव्हा लिंबाजीकाका डाव्या सीटवर जाऊन बसले. पट्टा लावला. उजवा तळहात दांडीच्या गोळ्यावर ठेवला आणि लेकीला म्हणाले, "तू दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव. दिवा लागला की मी हात उचलतो. मी उचलला की तू टाक. तवर दांडी माझी."

मी मागच्या सीटवर होतो, म्हणून मला दिसलं. गाडी सुटली. इंजिन चढायला लागलं, त्यांची कुरकुरीची जागा आली, आणि त्यांचाच हात उचलला गेला. दिवा लागलेला नव्हता. तिने गिअर टाकला. फेरी वाया.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "पुन्ना."

पुन्हाही तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी हात गोळ्यावर दाबून धरला, इतका की मनगटाच्या शिरा वर आल्या. कुरकुरीची जागा गेली. इंजिन ओरडायला लागलं. काकांचे ओठ मिटलेले, डोळे दिव्यावर. एकतीस वर्षं ज्या आवाजाला डिझेल गेलं म्हणायचे, तो आवाज अंगावर घेत ते तसेच बसून राहिले. दिवा लागला, हात उचलला, तिचा हात पडला. त्या दिवशी त्यांनी चौदा फेऱ्या केल्या. गाडी पळत असताना बापलेकीत "टाक" हा शब्द एकदाही झाला नाही. शेवटच्या चार फेऱ्यांत ती चौथ्या गिअरपर्यंत गेलीच नाही.

पुढचा आठवडाभर ऑफिसला जायच्या आधी रोज सकाळी तेच. मग काका उतरले आणि ती एकटीच करू लागली. कधी जमे, कधी निसटे.

स्पर्धेच्या दिवशी धावपट्टीवर ऊन रखरखत होतं. पुणे, हैदराबादच्या गाड्या आलेल्या. एका पोराने आमची दांडी बघून विचारलं, "टेम्पोची हाय का?" मी नुसतं बघितलं, तो पुढे गेला. कोइम्बतूरचा माणूस टोपी घालून घड्याळाच्या टेबलाजवळ बसला होता. प्रत्येकाला दोन फेऱ्या होत्या.

पहिल्या फेरीत ज्योत्स्नाने दुसरा गिअर अगदी दिव्यावर टाकला. तिसरा मात्र आधी गेला. रेघेजवळ उभ्या असलेल्या मला ते ऐकू आलं. सोळा पूर्णांक एक दोन. टोपीवाल्याने वहीत काही लिहिलं नाही.

ती गाडी घेऊन परत आली, काच खाली केली. हेल्मेटमधून डोळे तेवढे दिसत होते. "हात आधीच गेला," ती म्हणाली. "मला कळलं तवर गेलेला होता."

मी तोंड उघडणार होतो. लिंबाजीकाकांनी मला बाजूला सारलं, खिडकीतून आत वाकले आणि तळहात दांडीच्या गोळ्यावर ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"ह्यो हितंच हाय," ते म्हणाले. "उचलंल तवा टाक."

मग ते माझ्याबरोबर चालत तारेच्या कुंपणाशी येऊन उभे राहिले. डाव्या हाताने त्यांनी कुंपणाची आडवी पाइप पकडली. ड्रायव्हर आयुष्यभर गिअर टाकतो तो हा हात. मी गाडीकडे बघायचं ठरवलं होतं, पण माझं लक्ष त्या हातावर गेलं ते तिथेच राहिलं.

गाडी सुटली. इंजिन चढलं. कुरकुरीची जागा आली आणि गेली. हात पाइपवर घट्ट होता. आवाज वर, आणखी वर, आता कुणालाही वाटावं की काहीतरी तुटणार, आणि त्यांची बोटं सुटली. त्याच क्षणी तिकडे दुसरा पडला. बोटं पुन्हा आवळली. ही दुसरी वेळ जास्त कठीण होती, कारण दुसरा गिअर लांब आणि ओरडणंही लांब. काकांची करंगळी सुटू लागली. मी माझ्या नकळत म्हणालो, थांबा काका. ते थांबले. बोटं सुटली, तिसरा पडला, आणि गाडी तिसऱ्यातच आमच्यासमोरून रेघ ओलांडून गेली.

पाटीवर आकडा आला. पंधरा पूर्णांक आठ पाच.

टोपीवाला उठून गाडीच्या दिशेने चालू लागला. मला ओरडावंसं वाटलं, पण मी ओरडत नाही. काकांकडे वळलो. आता पोरगी कोइम्बतूरला, घरात हे आणि यांची ढाल, हे त्यांनाही तेव्हाच उमगलं असावं. ते धावपट्टीच्या टोकाला थांबलेल्या एस्टीमकडे बघत होते आणि पाइपवरून सुटलेला हात अजून तसाच अधांतरी होता.

"पेट्रोल लई जाळलं पोरीनं," ते म्हणाले, आणि त्याच हाताने त्यांनी डोळे पुसले.